पुसलेला फळा

भूगोलाच्या तासाला नकाशा काढण्यापूर्वी मी फळा पुसून घेतो. आमचे नगररचनाकार मात्र नांदता मुलूखही पुसलेला फळाच समजतात! मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांची १९६५ मधली कल्पना चांगलीच होती. पण १९७० साली सिडको निघाली, तेव्हा तिथे ९५ गावे होती. भाताची खाचरे होती, मिठागरे होती. आगरी-कोळ्यांना विचारले कोणी? १९८४ साली उरणजवळ जासईच्या लढ्यात गोळीबारात पाच जण पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे ठरले. हे शहाणपण आधी का सुचू नये? रस्ते खुशाल रुंद आखा. पण पहिली रेघ ओढण्यापूर्वी तिथल्या ओटीवर घटकाभर बसा!