ओपन-बॅक हेडफोन, नाशिकचा गोंगाट आणि ५० डेसिबलचा सल्ला

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना एक पत्र पाठवलं. हेडफोन-इअरफोनचा विनाकारण वापर टाळा. वापरलेच तर आवाज ५० डेसिबलच्या आत, वेळ दिवसाला २ तासांच्या आत, असा त्यातला सल्ला. त्याआधी जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी विषाणूसंसर्गानंतर आपली श्रवणशक्ती कमी झाल्याचं जाहीर करत मोठा आवाज आणि हेडफोन यांबद्दल सावध केलं होतं. दोन्ही वेळा चर्चा झाली, पण व्हॉल्यूम होता तिथेच राहिला.

असं का होतं? मी चार वर्षं रोज ओपन-बॅक स्टुडिओ हेडफोन वापरतोय, आणि त्यातून मला एक उत्तर सापडलंय.

ओपन-बॅक म्हणजे ज्याच्या कपाची मागची बाजू बंद नसून जाळीची असते. सेनहायझरचा १९६८ चा एचडी ४१४ हा या प्रकारातला पहिला. हवा कोंडत नाही, त्यामुळे आवाज डोक्यात घुमण्याऐवजी समोर पसरल्यासारखा वाटतो. नाशिकच्या एप्रिल-मे मध्येही कान घामेजत नाहीत. पण जाळीतून गाणं बाहेर जातं, तसा बाहेरचा गोंगाट आत येतो. माझा हेडफोन २५० ओहमचा आहे, म्हणून फोनला थेट लावला तर आवाज मरतो. छोटा अँप लागतोच.

आता मुद्दा. गंगापूर रोडजवळच्या माझ्या खोलीत रात्री पंखा बंद असताना लॅपटॉपचा व्हॉल्यूम ३० टक्के पुरतो. दुपारी खिडकी उघडी असेल, खाली हॉर्न वाजत असतील, तर त्याच गाण्याला ४५ टक्के लागतात. गाणं तेच, हेडफोन तोच, कानही तेच. बदलला तो फक्त आजूबाजूचा आवाज. म्हणजे व्हॉल्यूम आपण ठरवत नाही, रस्ता ठरवतो.

आणि रस्ता किती मोठा असावा? ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. म्हणजे कायदा तंतोतंत पाळला गेला तरी दिवसा बाहेरचा आवाज ५५ पर्यंत जाऊ शकतो, आणि हेडफोनने मात्र ५० च्या आत राहायचं! साधं बोलणंच साधारण ६० डेसिबलचं असतं. द्वारका चौकात उभं राहून हा सल्ला पाळून दाखवा. मिरवणुकीतल्या डीजेबद्दल तर बोलायलाच नको.

जागतिक आरोग्य संघटनेचं गणित जास्त उपयोगी आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ९० ला जेमतेम ४. ५० आणि ८० यांत फरक ३० डेसिबलचा, म्हणजे ऊर्जेत हजार पटींचा. जो आकडा पाळणं शक्यच नाही, तो लोक सरळ सोडून देतात, आणि त्याच्यासोबत मूळ इशाराही सुटतो. पत्राचा हेतू चांगला आहे, अडचण आकड्यात आहे.

‘ओपन-बॅक कानांना सुरक्षित’ हेही बऱ्याचदा ऐकायला मिळतं. अर्धसत्य आहे. कानाच्या पडद्याला कप उघडा की बंद हे कळत नाही. त्याच्यापर्यंत किती आवाज आणि किती वेळ पोहोचला, एवढंच महत्त्वाचं. शांत खोलीत ओपन-बॅक उत्तम, कारण तिथे कमी आवाजातही बारकावे ऐकू येतात. बसमध्ये तोच हेडफोन चुकीचा. तिथे नॉइज कॅन्सलेशन किंवा कानात नीट बसणारे इअरफोन बाहेरचा आवाज कमी करतात, म्हणून व्हॉल्यूम खाली ठेवता येतो. पण गाडी चालवताना किंवा रस्ता ओलांडताना ते काढा.

मग करायचं काय? आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये हेडफोनची पातळी दिसते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉल्यूमची मर्यादा घालता येते. मात्र वायरच्या हेडफोनची संवेदनशीलता फोनला माहीत नसते, त्यामुळे तिथला आकडा अंदाज समजा. सोपी सवय अशी: शांत जागी व्हॉल्यूम ठरवा आणि गोंगाटात वाढवू नका. गाणं ऐकू येत नसेल तर ते नंतर ऐका. कानात शिट्टीसारखा आवाज राहत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, कारण आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

चार वर्षांत मी या हेडफोनच्या गाद्या दोनदा आणि केबल एकदा बदलली. सुटे भाग मिळतात, हा त्याचा मोठा गुण. कानाचे मिळत नाहीत. २०२२ मध्ये सेनहायझरचा ग्राहक-हेडफोन व्यवसाय ज्या स्विस कंपनीने, सोनोवाने, घेतला, तिचा मुख्य धंदा श्रवणयंत्रांचा आहे. एकाच कंपनीचं गिऱ्हाईक दोनदा व्हायचं की एकदाच, हे बरंचसं आपल्या बोटाखालच्या व्हॉल्यूमच्या बटणावर आहे. उरलेलं शहराच्या गोंगाटावर, आणि तो कमी करा हे महापालिकेला आणि पोलिसांना आपणच सांगायला हवं.