पुढची सायकल छोटी घ्या!

"क्रूझर घेतली," असं मी घरी सांगितलं, तेव्हा आजीचा पहिला प्रश्न होता, "कुठल्या रूटवर लावणार?" तिचं चुकलं नाही. आमच्या घोडेगाव-मंचर पट्ट्यात क्रूझर म्हणजे वडापची जीप. मग मी ती अंगणात आणून उभी केली, म्हणजे भिंतीला टेकवली, कारण तिला स्टँडही नाही. गिअर नाहीत, शॉकअप नाही, मडगार्ड नाही. चुलतभाऊ दोनदा तिच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "अगं, ही तर पाचवीतल्या पोराची सायकल!"

तीन वर्षं मी एमटीबी चालवतेय. आपल्याकडं सायकलवाल्यांत एक न लिहिलेला नियम आहे. पहिली सायकल साधी, दुसरी गिअरवाली, तिसरी २९ इंची चाकांची आणि हायड्रॉलिक ब्रेकची. प्रत्येक वेळी चाक मोठं, बिल मोठं. टोमॅटोचे पैसे आल्यावर पप्पांनी "बघ तुला काय घ्यायचं ते" म्हटलं, तेव्हा ग्रुपवरच्या सगळ्यांना वाटलं, मीही त्याच पायऱ्या चढणार. मी खाली उतरले आणि २४ इंची बीएमएक्स क्रूझर घेतली, तीही सेकंडहँड. माझं म्हणणं असं की, जुन्नर-आंबेगावात एमटीबी चालवणाऱ्या बऱ्याच जणांनी पुढची सायकल घेताना हा विचार करून बघावा.

आधी कारण सांगते, ते आपल्या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझी रोजची राइड पहाटे साडेपाचची होती. पाटाच्या कडेचा मुरमाड रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, डिंभ्याकडं तोंड. ती आता बंद आहे. बिबट्याने माणसं नेल्याच्या बातम्या आपण फक्त पेपरात वाचत नाही, त्या घरांना भेटायला जातो. आईने हँडल धरून "अंधारात नाही जायचं" म्हटलं, त्यावर वाद घालायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आता कॉलेजहून आल्यावर अंधार पडायच्या आत हातात उरतो जेमतेम तासभर. तेवढ्यात एमटीबीवर ऊस ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत परत फिरायची वेळ होते. बीएमएक्सला मात्र गावठाणाजवळचा शे-दोनशे मीटरचा मोकळा तुकडा पुरतो. आसपास माणसं असतात, उजेड असतो, आणि त्या तासात अंग जेवढं शिकतं, तेवढं मी पूर्वी महिन्यात शिकत नव्हते.

ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून माझ्या पडण्याची गोष्ट सांगते. मागच्या वर्षी आहुप्याहून परत येताना एका मुरमाड वळणावर मी आपटले. मनगट प्लास्टरमध्ये, हनुवटीला टाके. सगळ्यांनी दोष टायरला दिला. खरं काय झालं ते मला माहीत होतं. मी सीटवर बसून होते, वळणातच पुढचा ब्रेक दाबला आणि चाक सटकलं. उतारावर पायडलवर उभं राहायचं, गुडघे आणि कोपर मोकळे ठेवायचे, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं आणि शॉकअपमुळे तीन वर्षं ते कळलंही नाही. खड्डे तो गिळत होता, चुका साठत होत्या.

बीएमएक्सवर चूक लगेच कळते, कारण मधे काहीच नाही. खड्डा आला की तो थेट मनगटात येतो. सीट इतकी खाली की बसून चालवणं शक्यच नाही. आणि एक गोष्ट आपोआप शिकावी लागते, तिला म्हणतात पंपिंग. झोपाळ्यावर आपण कसं बरोबर क्षणी जोर देतो आणि झोका वाढत जातो? तसंच. उंचवटा चढताना अंग हलकं करायचं, उतरताना सायकल खाली दाबायची. जमलं की पायडल न मारता वेग वाढतो. नाही जमलं की सायकल तिसऱ्या उंचवट्यावर मुकाट उभी राहते.

हे काही माझं संशोधन नाही. बीएमएक्स १९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात मोटोक्रॉसची नक्कल करणाऱ्या पोरांनी सुरू केलं. त्याच दशकात उत्तर कॅलिफोर्नियात काही जण जाड टायरच्या जुन्या क्रूझर सायकली डोंगरावरून खाली सोडत होते. आजची माउंटन बाइक त्यातूनच आली. २००८ मध्ये बीजिंगला बीएमएक्स पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं. महिलांचं सुवर्ण मिळवलं फ्रान्सच्या अ‍ॅन-कॅरोलिन शोसाँने. ती डाउनहिल माउंटन बायकिंगमधली अनेकदा जगज्जेती आणि लहानपणी बीएमएक्स खेळलेली. कांस्यपदक मिळवणारी अमेरिकेची जिल किंटनरही माउंटन बायकिंगमधलीच.

मग सरळ २० इंची का नाही? ऑलिम्पिकमध्ये तीच असते, दुकानात तीच सहज दिसते. पण एमटीबीची सवय असलेल्या मोठ्या माणसाला तिच्यावर सर्कशीतल्या अस्वलासारखं वाटतं. २० इंची चाकाचा व्यास टायरसकट साधारण ५० सेंटीमीटर, २४ इंचीचा ६०, आणि आपल्या जुन्या २६ इंची एमटीबीचा ६५ च्या आसपास. म्हणजे क्रूझर एमटीबीच्या जवळची. ती थोडी लांब, थोडी शांत, आणि तिच्यावर शिकलेलं डोंगरात सरळ वापरता येतं. परदेशातल्या रेसमध्ये क्रूझरचा वेगळा वर्गच असतो आणि त्यात वयाने मोठे खेळाडू भरपूर असतात.

आता तिला काय जमत नाही, तेही स्पष्ट सांगते. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाटाला ही सायकल नेऊ नका. हिशोब बघा. माझ्या एमटीबीचा सगळ्यात हलका गिअर पुढं २८ दाते, मागं २८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २ मीटर पुढं जाते. क्रूझरला पुढं ४४, मागं १६. एका फेऱ्यात ५ मीटरच्या वर. चढावर मांड्या बोलायला लागतात आणि जे बोलतात ते छापता येणार नाही. शिवाय रेसच्या बीएमएक्सला ब्रेक एकच, मागचा. माळशेजच्या उतारावर एका ब्रेकवर जाणं हे धाडस नाही, मूर्खपणा आहे. म्हणून माझी एमटीबी मी विकली नाही. तुमच्याकडे एकच सायकल असेल आणि तिनेच कॉलेजला जायचं असेल, तर क्रूझर घेऊ नका.

घेणारच असाल तर फसू नका. दुकानात "२४ इंची आहे" म्हणून जी दाखवतात, ती बहुतेक वेळा लहान मुलांची एमटीबी असते. चाक तेच, पण फ्रेम नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या मापाची. तिच्यावर उभं राहिलात की गुडघे हँडलला लागतील. क्रूझरची फ्रेम लांब असते, हँडल उंच आणि रुंद असतं. "क्रूझर" नावाची दुसरी एक जात आहे, मागं वळलेल्या हँडलची, गादीसारख्या सीटची. ती निवांत फिरायला छान, पण आपलं काम तिचं नाही.

टायरच्या कडेवर बारीक आकडे असतात, त्यात ५०७ शोधा. तो असेल तर टायर-ट्यूब नारायणगावात किंवा मंचरला मिळणं अवघड नाही, कारण मुलांच्या २४ इंची एमटीबीला तोच लागतो. बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ही फार मोठी गोष्ट आहे. २४ इंचीच्या दुसऱ्या मापाचा टायर या रिमवर बसत नाही. मागचं चाक एमटीबीचं बसेल या भ्रमातही राहू नका. बीएमएक्सच्या मागच्या हबची रुंदी ११० मिलिमीटर, जुन्या पद्धतीच्या एमटीबीची १३५. सेकंडहँड घेताना हँडल आणि फ्रेम जिथं जुळतात, तिथलं वेल्डिंग उजेडात बघा. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तरी सायकल परत द्या. आणि हेल्मेट नवीनच घ्या, त्यात सेकंडहँड चालत नाही.

"आमच्याकडे दुसऱ्या सायकलचे पैसेच नाहीत," असं म्हणणारे वाचक जास्त असणार, हे मला माहीत आहे. तर एक महिना फुकटचा प्रयोग करा. आहे त्या सायकलची सीट पूर्ण खाली करा, एक मधला गिअर ठरवा आणि तो बदलू नका. शाळेच्या मैदानाजवळ मातीचे चार उंचवटे करा आणि उभं राहून त्यांवरून जा. महिन्याने पाय नाही म्हणाले तर माझं सगळं म्हणणं विसरा.

उंचवटे करायचे कुठं, हा खरा प्रश्न आहे. काही जण रील्ससाठी शिवनेरीच्या पायऱ्यांकडं बघतात. ते नकोच. गड आणि लेणी आपली आहेत, ट्रॅक नाहीत. भीमाशंकरचं अभयारण्यही नाही. पण आपल्या तालुक्यांत गावोगावी एक जागा आहे, तिला आपण घाट म्हणतो. बैलगाडा शर्यतीचा घाट. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर ते पुन्हा गजबजले. दहा-बारा सेकंदांच्या बारीसाठी वर्षभर राबणं आणि सेकंदाच्या एका अंशावर गावभर चर्चा करणं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. बीएमएक्सची रेसही तशीच. तीनशे-चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक, आठ जण, अर्ध्या मिनिटाच्या आसपास खेळ खलास. हा खेळ आपल्या गावांना शहरांपेक्षा लवकर कळेल, असं मला वाटतं. घाटाच्या बाजूला, यात्रेला अडचण होणार नाही अशा कोपऱ्यात, चार ट्रॉली मुरूम आणि जेसीबीचा थोडा वेळ, एवढंच ग्रामपंचायतीकडं आणि यात्रा कमिटीकडं मागायचं आहे. उजेड असताना, माणसांच्या नजरेत पोरापोरींना पडता-उठता येईल अशी जागा. आजच्या दिवसांत आई-बाप "जा" म्हणतील अशी जागा.

आमच्या गावात मी अर्ज दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर खळ्याच्या कडेला फावड्याने केलेले सहा उंचवटे आहेत. "पाचवीतल्या पोराची सायकल" म्हणणारा चुलतभाऊ परवा संध्याकाळी तिथं आला. पायडल न मारता तिसऱ्या उंचवट्यापर्यंत गेला आणि थांबला. उतरून म्हणाला, "अजून एक बारी."