अग्नी कोणाच्या मालकीचा?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये १९३४ सालच्या जानेवारीत प्रॉमिथिअसचा एक प्रचंड कांस्यपुतळा बसविण्यात आला. पॉल मॅनशिप या शिल्पकाराने घडविलेल्या त्या पुतळ्यावर सोन्याचा मुलामा आहे. देवांचा अग्नी चोरून मानवाला देणारा ग्रीक पुराणातील तो बंडखोर तेथे हाती ज्योत घेऊन झेपावतो आहे. खडक नाही, साखळ्या नाहीत, यकृत टोचणारा गरुडही नाही. पुढच्याच महिन्यात त्याच संकुलातील दिएगो रिव्हेराचे भित्तिचित्र फोडून टाकण्यात आले. त्यात लेनिन होता, एवढाच त्या चित्राचा गुन्हा. लेनिनचा चेहरा पुसण्यास रिव्हेराने नकार दिला, तेव्हा मोबदला चुकता करून त्याला आदल्या वर्षीच दूर करण्यात आले होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या धन्याविरुद्धचे बंड सोन्याने मढवायचे आणि आजच्या धन्याविरुद्धचे बंड हातोड्याने फोडायचे, ही भांडवलशाहीची कलासक्ती आहे.

कलेचे पंडित या विसंगतीकडे डोळेझाक करतात. ग्रीक पुराणकथा मानवी मनाची चिरंतन सत्ये सांगतात, म्हणून त्या सर्व काळांच्या आणि सर्व वर्गांच्या आहेत, असे त्यांचे प्रतिपादन असते. या प्रतिपादनाला इतिहासाचा आधार नाही. हिसिअडच्या काव्यात प्रॉमिथिअस हा धूर्त कपटी आहे; त्याच्या चोरीमुळे मानवजातीवर संकटे कोसळली आणि झ्यूसची शिक्षा योग्यच होती, असा त्या कथेचा रोख आहे. एस्किलसच्या नावावर असलेल्या नाटकात तोच गुन्हेगार मानवाचा कैवारी होतो. अग्नीबरोबर अंकगणित, लिपी, वैद्यक, नौकानयन आणि धातुविद्या त्याने माणसाला दिली, असे तेथे म्हटले आहे. त्याला खडकाशी जखडण्यासाठी सत्ता आणि हिंसा या नावांचे झ्यूसचे दोन सेवक येतात; पण खिळे ठोकावे लागतात ते लोहार देव हिफेस्टसला. तो हळहळतो, स्वतःच्या कारागिरीचा त्याला तिटकारा येतो आणि तरीही तो घाव घालतो. धन्याच्या हुकमावरून आपल्याच मित्राच्या बेड्या घडविणारा कारागीर ज्या नाटककाराला दिसला, त्याला ‘चिरंतन मानवी मना’पेक्षा सत्तेचे व्यवहार अधिक कळले होते. कथा एकच, पण ती सांगणारा कोणाच्या बाजूने उभा आहे, यावर तिचा अर्थ ठरतो.

म्हणूनच ही कथा दोन परस्परविरोधी छावण्यांनी आपलीशी केली. शेलीने १८२० साली प्रसिद्ध केलेल्या काव्यनाट्यात प्रॉमिथिअसचा त्याच्या छळकर्त्याशी समेट घडवून आणण्याचे नाकारले. तरुण मार्क्सने १८४१ च्या आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत तत्त्वज्ञानाच्या हुतात्म्यांमध्ये प्रॉमिथिअसला अग्रस्थान दिले. दोनच वर्षांनी प्रशियन सरकारने त्याच्या वृत्तपत्रावर बंदी घातली, तेव्हा एका व्यंगचित्रकाराने मार्क्सलाच छापखान्याच्या यंत्राला जखडलेला प्रॉमिथिअस म्हणून रंगविले. गरुड अर्थातच प्रशियाचा होता. पुढे ‘कॅपिटल’मध्ये मार्क्सने ही उपमा एका माणसावरून काढून संपूर्ण वर्गाला लावली. भांडवलाच्या संचयाचा नियम कामगाराला भांडवलाशी ज्या घट्टपणे जखडतो, तेवढे घट्ट तर हिफेस्टसच्या खिळ्यांनी प्रॉमिथिअसलाही जखडले नव्हते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे.

दुसरी छावणीही स्वस्थ बसली नाही. ऑलिंपियात ज्योत पेटवून ती धावपटूंच्या हातांनी क्रीडानगरीपर्यंत नेण्याची प्रथा प्राचीन ग्रीसची आहे, असे कोट्यवधी लोक समजतात. ती प्रथम पार पडली १९३६ साली, नाझी राजवटीतल्या बर्लिन ऑलिंपिकसाठी. अमेरिकेने आपल्या आंतरखंडीय अण्वस्त्रांना अ‍ॅटलास आणि टायटन ही नावे दिली. आयन रँडच्या १९५७ च्या कादंबरीत तर जगाचा भार वाहणारा अ‍ॅटलास म्हणजे कारखानदार ठरला. त्याने खांदे झटकले की जग कोसळते, असा तिचा सिद्धान्त आहे. या सिद्धान्ताची परीक्षा २०२० साली झाली. टाळेबंदीत कारखानदार घरी बसले. जग उभे राहिले ते परिचारिका, सफाई कामगार, ट्रकचालक आणि शेतमजूर यांच्या खांद्यांवर. अ‍ॅटलास कोण, याचे उत्तर त्या वर्षाने दिले. पण कादंबरीची विक्री मात्र त्यामुळे थांबली नाही.

मिथ्यकथा म्हणजे सरंजामी अडगळ, ती विद्वानांसाठी सोडून द्यावी, असे मानणारे कार्यकर्ते समाजवादी चळवळीतही आहेत. मार्क्स असे मानत नव्हता. विजेपासून रक्षण करणारा धातूचा दांडा आल्यावर वज्रधारी देवाचे काय उरते, असा प्रश्न त्याने १८५७ मध्ये विचारला. पण खरी अडचण पुढे आहे, हेही त्याने ओळखले. समाजाची ती अवस्था संपूनही तिची कला आजही आनंद का देते, हे कोडे त्याने टाळले नाही. ज्या कथेला लोकांच्या मनात स्थान आहे ती सोडून देणे म्हणजे ती जाहिरातदाराच्या हवाली करणे होय.

मात्र स्वीकार डोळसपणे व्हावयास हवा. हिसिअडच्या याच कथेच्या शेपटाला पँडोरा आहे: अग्नीची किंमत म्हणून झ्यूसने पुरुषांच्या जगात पाठविलेली स्त्री, साऱ्या दुःखांचे मूळ. प्रॉमिथिअसचा जयजयकार करणाऱ्या क्रांतिकारकांनी पँडोरावर लादलेला हा आरोप क्वचितच तपासला. दुसरा दोष याहून खोल आहे. एकच महापुरुष देतो आणि जनता केवळ घेते, ही कल्पना समाजवादाची नव्हे. अग्नी कोणा एकाने आणला नाही. असंख्य अनाम माणसांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखला. ज्ञान सामूहिक श्रमातून जन्मते, म्हणूनच त्यावरची खाजगी मालकी ही चोरी ठरते.

ही चोरी आज कायदेशीर आहे. पोलिओच्या लसीचे पेटंट कोणाचे, या प्रश्नावर जोनास सॉल्कने १९५५ साली जनतेकडे बोट दाखविले होते. भारताने १९७० च्या कायद्याने औषधांवरील पदार्थ-पेटंट नाकारले आणि स्वस्त औषधांचा उद्योग उभा केला. २००५ च्या दुरुस्तीने ते दार पुन्हा बंद केले. कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेत पेटंटचे बंधन तात्पुरते उठविण्याचा प्रस्ताव मांडला. धनाढ्य राष्ट्रांच्या विरोधामुळे तो रेंगाळला, आणि जून २०२२ मध्ये पदरात पडला तो केवळ लसींपुरता, पार छाटलेला निर्णय. तोवर लक्षावधी चिता पेटून विझल्या होत्या.

झ्यूसचा अपराधही हाच होता: अग्नी त्याच्यापाशी होता आणि माणसे थंडीने कुडकुडत होती. रॉकफेलर सेंटरमधल्या सोनेरी पुतळ्याचे कौतुक करणाऱ्यांना त्याच्या हातातली ज्योत दिसते, पण ती कोणाकडून आणि कोणासाठी आणली, हा प्रश्न सुचत नाही. तो प्रश्न अभ्यासवर्गात, कामगारवस्तीत आणि विधिमंडळात विचारत राहणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. साखळ्यांची आठवण पुसून टाकलेला प्रॉमिथिअस मालकांना लखलाभ असो; श्रमिकांना हवा आहे तो अग्नी.