वायसर टाकून ताकद येत नाही

कुरखेड्याकडे धानाच्या बांधीतली चिखलणी आणि उसाची ट्रॉली, दोन्ही कामे बहुधा एकाच जुन्या ट्रॅक्टरवर होतात. बी-२७५ असो की एचएमटी झेटर, ट्रॉली उचलेनाशी झाली की मिस्त्री रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे एक वायसर टाकतो. ट्रॉली उचलते, मिस्त्री शाबासकी घेऊन जातो. आमचा या प्रकाराला स्पष्ट विरोध आहे.

हा व्हॉल्व्ह ताकद देत नाही; दाब मर्यादेबाहेर गेला की तेल परत टाकीत सोडतो, एवढेच त्याचे काम. १० सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर दाब चौरस सेंटिमीटरला २० किलोने वाढवला, तर जोर दीड टनाहून अधिक वाढतो. तो सोसायचा कुणी? झिजलेल्या पंपाने आणि तडे गेलेल्या रबरी नळीने! नळी फुटली की उचललेली ट्रॉली खाली येते. तिच्याखाली माणूस असला तर संपलेच. कारखान्याच्या बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला असा वायसर कुणी टाकू देईल काय?

आधी तेलाची पातळी, जाळी, पंप, पिस्टनचे सील पाहावेत. मग तेल गरम करून, गेज लावून, ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या दाबावरच व्हॉल्व्ह बसवावा. गळती मात्र बोटाने चाचपू नका. दाबाचे तेल कातडीत घुसते, टाचणीएवढ्या जखमेलाही लगेच दवाखाना लागतो.

गेज प्रत्येकाने विकत घ्यावे असे नव्हे. कारखान्याने गट कार्यालयात एक ठेवावे आणि गाळपाआधी सभासदांचे ट्रॅक्टर तपासून द्यावेत, ही मागणी आम्ही वार्षिक सभेत मांडणार आहोत.