गप्प झालेले बाळ

गेल्या महिन्यात सातवीची हजेरी घेताना एक मुलगी सलग चौथ्या दिवशी गैरहजर दिसली. परत आली तेव्हा विचारले. अम्मी कामाला जाते, दादी गावी गेली आहे, तीन महिन्यांच्या भावाला तीच सांभाळते. "फार रडतो, मॅडम. मग मी त्याला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवते. लगेच गप्प होतो." तिने हे कौतुकाच्या अपेक्षेने सांगितले. आमच्या हातातला खडू तसाच राहिला.

भगिनींनो, एवढेसे बाळ असे गप्प होते ते समजूत पटली म्हणून नव्हे. या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते आणि मान कच्ची. जोरात हलवले की मेंदू कवटीच्या आत पुढे-मागे आपटतो, बारीक रक्तवाहिन्या तुटतात. बाहेर ओरखडाही दिसत नाही. बाळ सुस्त पडते, दूध ओढत नाही, उलट्या होतात, कधी झटके येतात. घरचे म्हणतात, झोप लागली. नाहीतर नजर लागली. काही बाळे दगावतात. वाचतात त्यांतल्या काहींची दृष्टी जाते.

2016 च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने आपटले, लाथा मारल्या. अंगावरच्या खुणा पाहून आई-वडील हादरले, सीसीटीव्हीत सगळे सापडले, अटक झाली. बाळ वाचले. त्या दिवसांत आमच्या शिक्षक खोलीत दुसरा विषय नव्हता. आयाला शिव्या घालणे सोपे होते. पण बहुतेक तान्ही मुले घरातच असतात आणि घरात कॅमेरा नसतो. तिथे हात उगारणारे माणूस बहुधा राक्षस नसते. थकलेले, झोप न झालेले, एकटे असते. साधारण दीड-दोन महिन्यांच्या सुमारास बाळाचे रडणे सर्वांत जास्त असते, हे कुणी आधी सांगितलेलेही नसते.

2015 च्या बाल न्याय कायद्यातील कलम 75 प्रमाणे ताब्यातील मुलाला मारणे किंवा मुद्दाम दुर्लक्ष करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेतील माणसाने केले तर पाच वर्षांपर्यंत. शेजारच्या घरात काही वावगे दिसले तर 1098 हा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. "लोकांच्या घरात आपण कशाला पडायचे" हे वाक्य आम्हीही पूर्वी वापरले आहे. रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग असेल आणि कारण दर वेळी वेगळे सांगितले जात असेल, तर पडावे.

त्या संध्याकाळी आम्ही मुलीच्या घरी गेलो. अम्मी आधी रागावली. "माझी पोरगी वाईट नाही, मॅडम." आम्ही म्हटले, वाईट नाहीच, बारा वर्षांची आहे. मग ती रडली. दुसऱ्या दिवशी बाळाला महापालिकेच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले, सुदैवाने इजा नव्हती. मुलीला आम्ही एवढेच शिकवले: पोट भरलेले आहे, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरी रडतोय आणि आपला राग चढतोय, तर त्याला चटईवर उताणे ठेवायचे, दाराबाहेर जाऊन शंभर आकडे मोजायचे, शेजारच्या चाचीला हाक मारायची. रडू दे. रडण्याने बाळ मरत नाही. निघताना मोरीतली पाण्याने भरलेली बादली दिसली. पाणी दिवसाआड, म्हणून भरून ठेवतात. रांगायला लागला की त्यात वीतभर पाणीही पुरेसे आहे, म्हणून झाकणाचे पिंप घ्यायला सांगितले.

चाचीने दुपारपर्यंत बाळाला सांभाळायचे कबूल केले आहे. मुलगी सोमवारपासून वर्गात आहे. पुढच्या आठवड्यात चाची लग्नासाठी महाडला जाणार. त्या चार दिवसांचे काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.