‘मला जमेल अशी कृती लिहून दे!’

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. एका तालुक्याच्या गावातल्या भगिनीचं आहे. मुलगा सातवीत. ती लिहिते, ‘ताई, शाळेतून आला की हा दप्तर टाकतो आणि कॉम्प्युटरसमोर बसतो. मारामारीचे खेळ खेळत नाही, हे खरं. पण करतो काय, तर लेगोचे ठोकळे जोडतो, आणि तेही खोटे, नुसते स्क्रीनवरचे! खऱ्या ठोकळ्यांचा डबा माळ्यावर धूळ खातोय. परवा ह्यांनी चिडून कॉम्प्युटरची वायरच काढून कपाटात ठेवली. चार दिवस झाले, बापलेकांचं बोलणं बंद आहे. मधल्यामध्ये माझे हाल. मी कुणाची बाजू घेऊ?’

पत्र वाचलं आणि मला माझीच एक चूक आठवली. ती आधी सांगते, मग सल्ला देते. उगाच शहाणपणा शिकवला असं व्हायला नको.

माझ्या धाकट्यालाही हाच नाद. एका संध्याकाळी तीन हाका मारल्या, ताटं वाढून झाली, आमटी निवली, तरी हा उठेना. मी सरळ जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. स्क्रीन काळी झाली. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, ‘आई, सेव्ह केलं नव्हतं गं.’ आणि न जेवता झोपला. तीन दिवसांचं काम होतं ते. रात्री भांडी आवरताना मनात आलं, माझ्या विणकामाचे टाके कुणी असे न विचारता उसवले असते, तर मी काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, ‘दाखव तरी, काय करतोस ते.’ त्या तासाभरात जे कळलं, आणि नंतर विचारून-वाचून जे समजलं, ते सांगते.

लेगो मूळचं डेन्मार्कचं. बिलुंड नावाच्या गावात ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाचा एक सुतार होता. त्याने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. आज आपण पाहतो त्या, वर गोल बटणं आणि आत नळ्या असलेल्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ सालचं. माप इतकं नेमकं ठेवलं आहे की त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. एका बटणापासून दुसरं बटण ८ मिलिमीटरवर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. चपटे तुकडे असतात ते ३.२ मिलिमीटरचे, म्हणजे तीन चपटे एकावर एक ठेवले की बरोबर एक ठोकळा. हे गणित आमच्या धाकट्याला पाढ्यासारखं पाठ!

आठ बटणांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे एकमेकांवर किती तऱ्हांनी बसतील? २४. तीन घेतले तर १,०६०. आणि सहा घेतले तर ९१,५१,०३,७६५. नीट वाचा हं, एक्क्याण्णव कोटींच्या वर! कोपनहेगनच्या एका गणिताच्या प्राध्यापकांनी कॉम्प्युटरला कामाला लावून हा आकडा काढला. सहा ठोकळ्यांत एवढं सामावलं असेल, तर मूल तासन्‌तास त्यात हरवतं ह्यात नवल काय?

आता खोट्या ठोकळ्यांविषयी. जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका तरुणाने १९९५ साली ‘एलड्रॉ’ नावाचं सॉफ्टवेअर केलं. प्रत्येक ठोकळ्याला एक नंबर. कोणता ठोकळा, कोणता रंग, कुठे ठेवायचा आणि कसा फिरवायचा, हे एकेका ओळीत लिहायचं, की कॉम्प्युटर त्याचं चित्र काढून दाखवतो. जेसिमन १९९७ साली फार लवकर गेला. पण त्याचं काम थांबलं नाही. जगभरातल्या हौशी लोकांनी स्वतःचा वेळ घालून एकेक तुकडा मोजून त्यात भर घातली. आज त्यात हजारो तुकडे आहेत, आणि ते सगळ्यांना फुकट आहेत.

त्याच तुकड्यांवर चालणारं ‘लिओकॅड’ आहे, तेही फुकट. लेगो कंपनीचं स्वतःचं ‘डिजिटल डिझायनर’ होतं, ते २०२२ मध्ये गुंडाळलं. आता बहुतेकजण ‘ब्रिकलिंक स्टुडिओ’ वापरतात. त्यालाही पैसे पडत नाहीत. ब्रिकलिंक म्हणजे सुटे तुकडे विकणाऱ्यांचा इंटरनेटवरचा बाजार. लेगो कंपनीने तो २०१९ साली विकत घेतला. स्टुडिओत तुकडा निवडायचा, माऊसने उचलायचा आणि जागेवर सोडायचा. ठोकळे कधी संपत नाहीत, हरवत नाहीत, आणि रात्री अंधारात आपल्या पायाखाली येत नाहीत!

मैत्रिणींनो, पैशाची बाजूही पाहा. खरे ठोकळे स्वस्त नाहीत. मोठं खोकं घ्यायचं तर मध्यमवर्गीय घरात दहादा विचार करावा लागतो. स्क्रीनवर मात्र पोरगं हवा तो किल्ला बांधतं, मोडतं, पुन्हा बांधतं. शेवटी कोणते तुकडे किती लागले त्याची यादी तयार मिळते. वाण्याच्या यादीसारखी ती हातात घेऊन माळ्यावरचा डबा उघडायचा. घरात आहे त्याच्यावर खूण करायची. उरलेलं खरंच हवं आहे का, ते मग ठरवायचं.

पण माझं मन खरं वळलं ते ह्याने नव्हे. तुळशीचं लग्न जवळ आलं होतं. धाकट्याने स्क्रीनवर छोटं तुळशीवृंदावन केलं होतं, समोर दिव्याचा कोनाडा असलेलं. मी म्हटलं, ‘छान आहे. पण मला हातात हवं. आपल्या डब्यातल्या ठोकळ्यांनी मी स्वतः बांधीन. मला जमेल अशी कृती लिहून दे.’

दोन दिवसांत त्याने कागद छापून आणले. ५८ तुकडे, ९ पायऱ्या. मी जेवणाच्या टेबलावर ठोकळे पसरून बसले. अट अशी की मी बांधत असताना त्याने एक अक्षर बोलायचं नाही.

तिसऱ्या पायरीला अडले. एकाच चित्रात अकरा तुकडे नवे घातलेले, त्यातला मागचा एक मला दिसलाच नाही. पुढे काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल कुठला आणि तपकिरी कुठला कळेना. आणि सातव्या पायरीला तर गाडीच थांबली. चारही भिंती बांधून झाल्यावर कोनाड्यातला दिवा आत बसवायचा होता. स्क्रीनवर तुकडा भिंतीतून आरपार जातो. माझी बोटं कशी जाणार? शिवाय दिव्याच्या खाली आधारच नव्हता. स्क्रीनवर तो अधांतरी छान राहिला होता, टेबलावर टपकन खाली पडला.

पोरगं शेजारी बसून ओठ चावत होतं. शेवटी न राहवून म्हणाला, ‘आई, एवढं सोपं आहे, तुला दिसत कसं नाही?’

मी म्हटलं, ‘तुला सगळं माहीत आहे म्हणून तुला दिसतं. मला दिसेल असं तू दाखवलंस का?’

हे बोलले आणि मला आमच्या सासूबाई आठवल्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यांना चकलीचं विचारलं होतं. मोहन किती? ‘बेताचं.’ पाणी किती? ‘पीठ मागेल तेवढं.’ त्यांच्या हाताला सगळं ठाऊक, माझी चकली मात्र तेलात विरघळली. दुसऱ्या वर्षी मी वाटी-चमचा घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांनी टाकलेलं सगळं मोजून वहीत लिहिलं. ती वही आज माझ्या सुनेकडे आहे. आपल्याला येणं वेगळं आणि दुसऱ्याला यावं असं सांगणं वेगळं. दुसऱ्यासाठी स्वतःच्या डोक्यातून बाहेर येऊन समोरच्याच्या डोळ्यांनी पाहावं लागतं. मोठ्या माणसांना जमत नाही ते. तेरा वर्षांचं पोर ते स्क्रीनवर शिकत होतं, आणि मी बटण बंद केलं होतं!

त्याने कृती पुन्हा लिहिली. एका पायरीत तीन-चारच तुकडे. दिवा आधी, भिंती नंतर. दिव्याखाली एक चपटा तुकडा आधाराला. मागची बाजू दाखवायची असेल तिथे चित्र फिरवून घेतलं. प्रत्येक पायरीच्या वर त्या पायरीला लागणारे तुकडे वेगळे काढून, नगासकट. नऊच्या एकवीस पायऱ्या झाल्या. मी आणि माझी पुतणी, दोघींनी कुणाला न विचारता वृंदावन पूर्ण केलं. पाया जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा. पण तुळशीच्या लग्नाला ते खऱ्या वृंदावनाच्या पायाशी मांडलं होतं, आणि सासूबाईंनी त्यालाही हळदकुंकू लावलं.

आता तुमच्या घरी करून पाहायचं असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

पहिलं म्हणजे वेळ आधी ठरवा, आणि मुलाच्या संमतीने ठरवा. आमच्याकडे शाळेच्या दिवशी एक तास. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी हाक मारा, म्हणजे त्याला काम सेव्ह करता येतं. भिंतीवरच्या बटणाला हात लावू नका. माझ्यावरून शिका.

दुसरं, सुरुवात लहान असू द्या. घरातलीच वस्तू निवडा. पाट, देव्हारा, झोपाळा, खिडकी. तुकडे पन्नासाच्या आत. शक्यतो घरच्या डब्यात आहेत तेच तुकडे वापरायला सांगा. त्याने हात आखडतो असं मुलं म्हणतील, पण घरात आहे त्यातच स्वयंपाक सुचतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरं, स्क्रीनवरचं सगळं खरं मानू नका. तिथे वजन जाणवत नाही. स्टुडिओत मॉडेल पक्कं आहे का ते तपासायची सोय आहे, पण खरी परीक्षा टेबलावरच. एखादा तुकडा त्या रंगात कधी निघालेलाच नसतो, तेही यादी करण्याआधी पाहून घ्यावं.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक मॉडेलची कृती कुणासाठी तरी लिहायला लावा. आजीसाठी, मावसभावासाठी, शेजारच्या छोटीसाठी. ज्याच्यासाठी लिहिली त्याने बांधायचं, आणि लिहिणाऱ्याने गप्प बसून पाहायचं. जिथे बांधणारा अडेल, तिथे कृती चुकली. बांधणारा नव्हे.

ह्याने मुलगा इंजिनिअर होईल असं मी म्हणणार नाही. गणितातले मार्क वाढतील असंही नाही. आमच्या धाकट्याचे वाढले नाहीत! पण परवा धाकट्या जावेला मोबाईलवरून वीजबिल भरायचं शिकवताना तो तिच्या हातातून मोबाईल ओढून घेत नव्हता. ‘काकू, आधी हे दाबा. काय दिसलं? आता पुढचं,’ असं एकेक पायरी सांगत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला तेवढं पुरे आहे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या माझ्या भगिनी, तुम्ही कुणाचीच बाजू घेऊ नका. कपाटातली वायर काढून आणा आणि माळ्यावरचा डबा खाली उतरवा, ठोकळे कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. कडकडीत पाणी नको, आकार बिघडतो. मुलाला सांगा, ‘बाबांना जमेल अशी कृती लिही.’ आणि रविवारी दुपारी ह्यांना टेबलाशी बांधायला बसवा. बोलायचं नाही ही अट घालाच. नाहीतरी दोघांचं बोलणं बंदच आहे! चौथ्या-पाचव्या पायरीला बाबा अडतील, तुकडा उलटा धरतील, आणि मग पोराला गप्प राहवणार नाही. अट तिथे मोडली तरी मोडू द्या.

पुढे काय झालं, ते मला नक्की कळवा.