नियम खिडकीवर, घर काळीवर



घर बांधायला काढले की सरकारला आपली आठवण येते. उतारा आणा, नकाशा आणा, शिक्का आणा. शिरूर-दौंडची काही गावे २०१५ पासून पीएमआरडीएच्या हद्दीत गेली. त्यांच्यामागे २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागली. रस्त्यापासून किती जागा सोडायची, किती मजले चढवायचे, सगळे लिहिले आहे. इमारत मजबूत असल्याचा अभियंत्याचा दाखला फायलीला लागला की भूकंपाचे कामही संपले. दगड-मातीच्या घरात निजणाऱ्याकडे मात्र कुणी फिरकत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. भिंती दोन-अडीच फूट रुंद. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे खडी-माती भरलेली, आणि वर दीड-दोन फूट मातीचे माळवद. हादरा बसला तसे दोन्ही थर फाकले आणि माळवद निजलेल्यांवर आले.

सरकारच्या भूकंप नकाशात किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होती. २००२ साली पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. माणसे पुरल्यावर नऊ वर्षांनी! आपले पुणेही तिसऱ्यातच आहे.

आणि उपाय काय कुणाला ठाऊक नव्हता? दगड-मातीच्या घरांसाठीचे भारतीय मानक, आयएस १३८२८, त्याच १९९३ सालचे. भिंत दीड फुटाहून रुंद नको. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड बसवा. दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कवळणारा सलग पट्टा घाला. गावच्या गवंड्याला हे अर्ध्या दिवसात समजते. पण हे मराठीत, चित्रांसह, किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर लावले आहे?

लोक अडाणी होते म्हणून तशी घरे बांधली, असे शहरी विद्वान सांगतात. माळवद उन्हाळ्यात गार राहते हे खरे. पण सिमेंट-लोखंड परवडत नव्हते, हे त्याहून खरे. एकाधिकार खरेदीने १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे कापूसवाल्याचे हात बांधले, सत्तरच्या दशकात ज्वारीवाल्यावर लेव्ही बसली. त्या लुटीतून पट्ट्याची सळई कुठून आणायची?

आता घरकुलाचे पाहा. आम्ही शेतीशास्त्र शिकलेले लोक, मातीचे बोलल्याशिवाय राहवत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यातच ठेवला तर दोन-चार वर्षांत भिंत तिरकी चिरते. काळी काढून मुरूम लागेपर्यंत खणावे लागते, तो खड्डा मुरमाने ठोकून भरावा लागतो. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला १,२०,००० रुपये ठरले. माळावर वीतभर मातीखाली मुरूम असणाऱ्याला तेवढेच आणि नदीकडच्या खोल काळीवाल्याला तेवढेच. काळीवाल्याचा पैसा जोत्यापर्यंतच संपतो. मग पट्टा गाळला जातो.

भीमा-घोडकाठी तर आणखी गंमत. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधू नका म्हणतात. मग दुसरी जागा कोण देणार, यावर गप्प.

सरकारला जमत नाही असेही नाही. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली, पण जवळजवळ दोन लाख घरे मालकांनीच दुरुस्त किंवा मजबूत केली. पैसे हप्त्याने मिळाले, सल्ल्याला अभियंता गावात आला, गावातल्याच बाया संवाद सहायक म्हणून घरोघर फिरल्या. हे करायला हजारो माणसे मरावी लागली. आमचे म्हणणे इतकेच, की ते आधी करा. खोल काळीत पायाचा जादा खर्च द्या. पट्ट्याची सळई अनुदानात वेगळी धरा. अभियंता दाखल्याला नको, पाया खणताना बांधावर हवा.

जिल्हा बैठकीत हा ठराव येणार आहे. येताना आपल्या आळीतली दगड-मातीची घरे मोजून आणा, भिंतीची रुंदी लिहून आणा. घरकुल चिरले असेल तर तिथे काळी किती खोल आहे, तेही खणून पाहा.